जोडीने पूजा

वाळलेला झेंडूचा हार बाजूला सारून दुरुस्तीला आलेल्या मुक्ताने आप्पांचा संगणक चालू केला. पडद्यावर खंडणीची मागणी झळकली. कोणतं आंब्याचं कलम कोणत्या झाडाचं, ही आप्पांच्या रोपवाटिकेची अकरा वर्षांची नोंद संगणकात घुसलेल्या चोरांनी कुलूपबंद केली होती.

“नोंदींची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर दिली होती. कपाटात ठेवा, असं मी म्हणाले होते ना?”

“दसऱ्याला दोघांची जोडीने पूजा केली. मग जोडी मोडायची कशी?” आप्पांनी बोट दाखवलं. कुंकू लावलेला पेनड्राइव्ह तेव्हापासून संगणकालाच जोडलेला होता. चोरांनी त्यालाही कुलूप घातलं होतं.

“कुलपाची दुसरी किल्ली कुलपालाच टांगता का हो?” मुक्ता तुच्छतेने हसली. “आता गिऱ्हाइकाला हापूस म्हणून काय द्याल?”

आप्पांनी नाक मुरडलं. “तुला काय कळतंय? पूजेचा नारळच नासका निघाला होता.”