बाजूचं दार

"शिडी उचल आणि चालू लाग," आर्डिस म्हणाली.

ऑर्लिन स्कार तिच्या गॅरेजच्या मोठ्या दारासमोर उभा होता. काखेत शिडी, हातात रबरी पट्टीचं भेंडोळं. शेजारचा हा म्हातारा बर्फ पडायच्या आधी दरवर्षी असाच यायचा. तिचा नवरा मर्ल होता तोवर दोघे मिळून दारांची कामं उरकायचे, आणि आर्डिस पडदा ओढून आत भांडी आपटत बसायची. वसंतात मर्ल गेला. आता तोंडावर सांगायला ती मोकळी होती.

"मर्लला शब्द दिलाय मी."

"मेलेल्या माणसाच्या आड लपू नकोस. तुझी खोडच आहे ती. कधी माणसाच्या आड, कधी दाराच्या."

ऑर्लिनने शिडी भिंतीला टेकवली. असलं ऐकून घ्यायची त्याला सवय होती.

नॉर्थ डकोटाच्या त्या सपाट मुलखात हिवाळाभर कुणी गॅरेजच्या बाजूच्या दाराला कुलूप लावत नाही. पुढचं लावा, मागचं लावा. पण ते छोटं दार नुसतं लोटून ठेवायचं. हिमवादळात सापडलेला जीव कुणाच्याही दारी येतो. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि काही वर्षांपूर्वी, नेमक्या एका वादळाच्या रात्री, ऑर्लिनने कुलूप लावलं होतं. आर्डिसचा मुलगा लोवेल, गाडी रुतली म्हणून वादळात पायी निघालेला. सकाळी तो ऑर्लिनच्या बाजूच्या दाराशी सापडला, गोठून लाकूड झालेला. आपलं घर हाकेवर असताना पांढऱ्या अंधारात पोराला ते दिसलंही नसेल.

"माझ्याकडून कुलूप लागलं," एवढंच ऑर्लिन बोलला. ना रडला, ना सफाई दिली.

गाव हळूहळू विसरलं. आर्डिस विसरली नाही. चर्चमध्ये तिच्यासारखा गळा कुणाचा नव्हता. ती गायला लागली की पाद्रीबाबासुद्धा डोळे मिटायचे. पण प्रभूच्या प्रार्थनेत 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा केली' ही ओळ आली, की तिचे ओठ मिटायचे. देवासमोर खोटं कसं बोलायचं? राग आधी पाहुणा म्हणून येतो. बसायला पाट दिला की घराचा मालक होतो.

ऑर्लिनने मोठ्या दाराकडे नजर टाकली. स्प्रिंगांना तेल, रुळांतली घाण काढलेली, तळाला नवी पट्टी. आर्डिसच्या बोटांची सालटं निघाली होती.

"छान बसवलीस."

"तुझं प्रशस्तिपत्र कुणी मागितलं?"

"बाजूचं दार राहिलंय."

"त्याला काय धाड भरलीय?"

"उंबऱ्याची पट्टी गेलीय. गाडीवरचं बर्फ आत वितळतं, पाणी तिकडेच वाहतं. दाराखाली शिरून गोठलं, की दार जाम..."

"मला शिकव आता. सून म्हणून या घरात आले तेव्हापासून हिवाळे काढतेय."

"ब्रिटा येणार आहे ना राहायला? ती तर..."

"माझ्या नातीचं नाव तुझ्या तोंडात नको!" आर्डिस एवढ्या जोरात ओरडली की कुंपणावरचे कावळे उडाले. ब्रिटा तिच्या मुलीची मुलगी, आठ वर्षांची. आई तेलविहिरींवर कामाला जाणार म्हणून हिवाळाभर आजीकडे. "हो, येणार आहे. मी संध्याकाळपर्यंत इस्पितळाच्या स्वयंपाकघरात. पोर शाळेच्या बसमधून उतरेल आणि एकटी ह्याच दारानं आत येईल. तिला दार उघडं मिळेल. हे घर तुझं नाही, ऑर्लिन."

"म्हणूनच म्हणतो, पट्टी लाव. मी हात लावत नाही. तू लाव."

"नाही लावत, जा! तू सांगितलंस म्हणून तर मुळीच नाही."

"दरसाल लावतो म्हणून ते गोठत नाही, आर्डिस."

"आणि त्याआधी? तू हे पुण्य कमवायला लागलास ते लोवेल गेल्यावर. त्याआधी कोण पट्टी लावत होतं? कुणी नाही! तरी माझं दार कधी कुणावर बंद झालं नाही." तिने त्या दाराकडे बोट रोखलं. "त्या रात्रीसुद्धा नाही. मी स्वतः पाहिलं होतं, कुलूप नव्हतं. माझं पोर तुझ्या दरिद्री दाराऐवजी माझ्या दाराशी आलं असतं, तर आज बाप झालं असतं!"

तिने त्याच्या हातातलं भेंडोळं हिसकावलं आणि अंगणात भिरकावलं.

ऑर्लिन वाकला नाही. निघालाही नाही. त्याने टोपी काढून छातीशी धरली. त्याने त्या छोट्या दाराकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"कुलूप नव्हतंच," तो म्हणाला. "त्या सकाळी त्याला इथून उचलून माझ्या दाराशी नेण्याआधी, मीही ओढून पाहिलं होतं."