सापळ्यातली ओळ

छोट्याशा साप्ताहिकाच्या क्रीडावार्ताहरानं लिहिलेले सामन्यांचे वृत्तांत एका मोठ्या दैनिकाचा बातमीदार जसेच्या तसे उचलायचा, चुकलेल्या वेलांट्यांसकट. जाब विचारला की "पुरावा आणा" म्हणून मोकळा. शेवटी वार्ताहरानं सापळा लावला. आपल्या गोलकीपर पुतणीचा गुडघा कामातून गेलाय, पोरगी दुखणं लपवून खेळतेय, असं वृत्तांतात ठोकून दिलं. गुडघा ठणठणीत होता, म्हणजे पुरावा घरातच!

दुसऱ्या दिवशी दैनिकात ती ओळ शब्द न् शब्द हजर. "सापडलास लेका! आता तुझी नोकरीच घालवतो," असं पुटपुटत तो कात्रण कापत होता, तेवढ्यात पुतणी रडत दारात आली.

"काका, हा पेपर वाचून निवड समितीनं माझं नाव कापलं. धावून दाखवलं, तर म्हणतात, छापून आलंय ते काय खोटं? गुडघा बरा आहे, एवढी एक ओळ छाप ना रे!"

कात्री त्याच्या हातातच राहिली. पुढच्या आठवड्याच्या अंकात त्यानं ती ओळ पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत छापली.



ती मात्र कुणी चोरली नाही.