भोगले बुरशी

पिकांवरचे रोग ओळखणाऱ्या उडत्या यंत्रानं हौसाबाईंच्या पानमळ्यावर दोन घिरट्या घातल्या आणि निकाल दिला, "भोगले बुरशी. संध्याकाळपर्यंत मळा जाळावा."

हौसाबाई डागाचं पान घेऊन शेजारच्या दाजीबा भोगल्यांकडे गेल्या. "अण्णा, तुमच्याच नावाची बुरशी म्हणे. तुम्ही तरी बघा."

दाजीबा विद्यापीठात शिपाई होते. अभ्यासाची पानं वाळवून ते कागदावर चिकटवायचे. अशाच एका पानावर तिथल्या साहेबांना नवी बुरशी सापडली आणि कौतुकानं त्यांनी तिला दाजीबांचं नाव दिलं. त्या बातमीचं कात्रण अजून दाजीबांच्या भिंतीवर होतं. यंत्र ही बुरशी ओळखायला साहेबांच्या त्याच पानाच्या फोटोवरून शिकलं होतं.

दाजीबांनी भिंग लावलं. "हे उन्हानं भाजलंय. बुरशी नाही." मग ते खाली बसले. "त्याही पानावर नव्हती, बाई. डिंक संपला होता, म्हणून मी घरून कणकेची खळ नेली. बुरशी धरली ती माझ्या खळीला."

"मग सांगितलं का नाही?"

"साहेबांनी सगळ्यांसमोर हार घातला होता. जीभच उचलली नाही."

दोघं मळ्यात आले. दाजीबांनी यंत्राला खळीची सगळी हकिगत सांगितली.

"नमुना चिकटवणाऱ्याचं नाव?" यंत्रानं विचारलं.

"दाजीबा भोगले."

यंत्रानं जुनी नोंद ताडून पाहिली. "नमुना बाद. भोगले नावाची बुरशी आता नोंदीत नाही. मळा राहू द्यावा."

दाजीबा मान खाली घालून उभे होते. हौसाबाईंनी तेच डागाचं पान पदरानं पुसलं, चुना लावला आणि विडा करून त्यांच्या हातावर ठेवला.