आमसुलाचं पाणी

कुटाचा डबा तिने ओट्यावरून उचलून गॅलरीत नेऊन ठेवला. मग चटणी, मग चिवडा, मग तेलाचा कॅन. शेंगदाण्याची ॲलर्जी, डॉक्टर सकाळी म्हणाले होते. तीही बेचाळिसाव्या वर्षी कळली. साताऱ्याच्या या सासरी दाण्यांशिवाय शिजतं तरी काय?

हात खाजवता खाजवता ती थबकली. कोकणात, माहेरी, रोजच्या जेवणात नारळ असायचा. दाणे फक्त उपवासाच्या खिचडीत. आणि नेमक्या उपवासालाच आईच्या अंगावर पित्त उठायचं. लाल चट्ट्यांवर आमसुलाचं पाणी चोळत आई म्हणायची, “देवाचं काहीतरी चुकतंय माझ्याकडून.” म्हणून तिने आधी सोमवार धरला, मग गुरुवार, मग एकादशी.

तिने घाईघाईने फोन लावला. “आई, आज खिचडी खाल्लीस?”

“खाल्ली की. एकादशी ना आज.” पलीकडे आईच्या बांगड्या एकसारख्या वाजत होत्या. तीही हात खाजवत होती.

“अगं, तुझं काही चुकत नव्हतं. दाणे बाधतात आपल्याला.”

बांगड्या थांबल्या.

“मग इतकी वर्षं मी देवाची माफी मागत होते, ती कसली?”