पाठीवरची थाप

"पट्टा राहू दे खुंटीला. टाळ घे आणि माझ्या मागं उभा राहा," दामूबुवा म्हणाले.

जाळीच्या पिंजऱ्यात लाथाबुक्क्यांनी लढणारा गोरख एकोणिसावी लढत जिंकून, सोनेरी पट्टा घेऊन देवळात आशीर्वादाला आला होता. हार मानायची तर समोरच्याच्या अंगावर थाप द्यायची, असा त्या खेळाचा रिवाज. गोरखनं ती कधीच दिली नव्हती. पण दहा वर्षांपूर्वी बुवांच्या कीर्तनातला टाळ खाली ठेवून तो या खेळाकडे वळला, तेव्हा बुवा अवाक्षरही बोलले नव्हते. ते अजून रागावलेत की काय, हेच त्याला सलत होतं.

कीर्तन रंगलं. सत्तरी ओलांडलेले बुवा गजराची लय चढवत नेत होते आणि मधूनच मान वळवून विचारत होते, "चॅम्पियन, दमला नाहीस ना?" बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. गोरखच्या खांद्यांत गोळे आले, बोटं सुन्न पडली. शेजारचे म्हातारे टाळकरी मात्र खुशाल उड्या घेत होते.

शेवटी त्यानं टाळ एका हातात धरला आणि बुवांच्या पाठीवर हळूच दोन थापा दिल्या.

बुवांनी तत्क्षणी हात वर करून गजर थांबवला.

"थाप पडली की सोडायचं असतं," स्वतःचा हार त्याच्या गळ्यात घालत ते हलकेच म्हणाले. "एकोणीसच्या एकोणीस लढती बघितल्यात मी. सातव्या लढतीत डावा हात खाली ठेवलास आणि मार खाल्लास. टाळ वाजवतानाही तेच करायचास."