घड्याळ गावाबाहेर जाणार नाही

"तो बघ. राखाडी हॅट." आरन झिमरमननं हनुवटीनं दाखवलं. "फिलाडेल्फियाचा, जुन्या वस्तूंचा दलाल. सकाळपासून घड्याळाभोवती घुटमळतोय."

"घुटमळू दे," त्याचा शेजारी इसाक म्हणाला. "तू सूप पी. मक्याचं सूप गार झालं की त्याची पेज होते."

अंगणात लविनाकाकूंचा अख्खा संसार मांडला होता. रजया, लोणच्याच्या बरण्या, पाळणा, नांगर. नवरा टायटस गेल्यावर काकू मोठं घर मुलाकडे सोपवून मागच्या छोट्या घरात राहायला निघाल्या होत्या. तिथं मावणार नाही ते लिलावात.

आणि मधोमध, गवतात फळी टाकून, ते उभं होतं. माणसाहून हातभर उंच, अक्रोडाच्या लाकडाचं. जर्मनीतून आलेल्या टायटसच्या खापरपणजोबांनी स्वतःच्या हातांनी केलेलं. दारावर कोरलेल्या ट्युलिपांमध्ये वितळलेला गंधक ओतून फुलं पांढरी केलेली. वर तबकडी, तिच्यात चंद्र. दर शनिवारी टायटस चावी द्यायचा. टोले रस्त्यापलीकडे आरनच्या गोठ्यात ऐकू जायचे. माझ्या गाई त्या टोल्यांवरच दूध देतात, असं तो सांगत असे.

"काकू, हे तरी ठेवा," आरन आठवडाभर मागे लागला होता.

"तिथलं छत ठेंगणं आहे."

"मग पाय कापू थोडे."

"टायटसच्या घराण्याच्या घड्याळाचे पाय?" काकू म्हणाल्या. "विकायचं ते विकायचं, आरन."

आवाज कोरडा. डोळेही कोरडे. म्हातारी आतून फुटलीय, असं आरननं घरी जाऊन बायकोला सांगितलं.

तेव्हाच ठरलं. सगळ्यांनी मिळून घड्याळ घ्यायचं आणि काकूंना परत द्यायचं. आधी बोलायचं नाही, कारण आधी बोललं तर त्या नको म्हणतील. समोर आणून ठेवलं की नको म्हणता येत नाही. शेजाऱ्यांनी दिलेलं नाकारणं म्हणजे गर्व, आणि गर्वावर तर इथं दर रविवारी प्रवचन.

लिलाववाला एलम हॉर्निंग गाड्यावर चढला.

— घड्याळ, चालू घड्याळ, कोण घेतो, कोण घेतो —

राखाडी हॅटनं बोट उचललं. आरननं मान हलवली. बोट. आता मान हलवली ती

— इकडून आलं, तिकडून येतंय का —

इसाकनं. बोट. कुंपणावर बसलेल्या नोआनं. बोट. मग सुपाच्या पातेल्यामागून इसाकच्या बायकोनं पळी वर केली.

"ॲना, सूप वाढतेस की बोली लावतेस?" एलमनं विचारलं.

"दोन्ही. तुझं लक्ष असू दे."

अंगण हसलं. दलाल चहूकडे पाहू लागला. सगळीकडे एकाच पंथाच्या काळ्या टोप्या, सगळीकडे दाढ्या नसलेले तेच ते गंभीर चेहरे. आपण लढतोय कुणाशी, हेच त्याला समजेना. त्यानं पुन्हा बोट उचललं आणि पुन्हा भलतीकडूनच

— आणि वर, अजून वर —

मान हलली. त्यानं कपाळ पुसलं. मग काकूंकडे पाहिलं.

काकू पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की दगडाला पाझर फुटावा. ओठ हलले, आवाज आला नाही.

"बघितलंस?" आरन पुटपुटला. "हात जोडायचेच बाकी ठेवलेत. सोड बाबा, म्हणतायत."

दलालानं बोट उचललं.

"निर्लज्ज," इसाक म्हणाला.

आणि कुंपणावरच्या सगळ्यांनी एकदम हात वर केले. कोणी कोणाच्या वर बोली लावली ते देवालाच ठाऊक. दलाल बराच वेळ त्या हातांकडे बघत राहिला. मग त्यानं हॅट काढली आणि नाही म्हणून मान हलवली.

— गेलं. कुणाला गेलं ते नंतर बघू —

प्रार्थनेत कधी डोकं वर न करणारी माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. घड्याळ खांद्यावर घेऊन वरातीसारखी ती छोट्या घराकडे निघाली. पुढे आरन, लंबक तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून.

छत ठेंगणंच होतं. पण आरननं त्याचाही विचार केला होता. घड्याळ कापायचं नाही, छत कापायचं. इसाकनं करवत लावली, फळ्या निघाल्या, घड्याळाचा माथा वरच्या खोलीत गेला. सगळे जिन्यानं वर धावले. जमिनीतून तबकडी, चंद्र आणि घंटा वर आली होती, बरोबर काकूंच्या पलंगाच्या उशाशी.

"लंबक बघायला खाली, वेळ बघायला वर," ॲना म्हणाली. "काकूंचे गुडघे चांगले राहतील."

आरननं वजनं चढवली, लंबकाला झोका दिला, काटा तासावर आणला. टोले पडले. छोटं घर घुमलं. खाली फडताळात बशा किणकिणल्या. काकूंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांचे खांदे हलत होते.

आरन पुढे झाला. "काकू, आता झोपेतसुद्धा टायटसची सोबत."

"देव तुम्हा सगळ्यांचं भलं करो," काकू हळूच म्हणाल्या.

मग काकवीचा केक कापला गेला, आणि जो तो आपण शेवटचा हात कसा वर केला ते सांगू लागला. त्या गलक्यात काकू मागच्या दारानं बाहेर पडल्या. दलाल रिकाम्या मोटारीवर दोर गुंडाळत होता.

"माफ करा आजी," तो म्हणाला. "मी ताणता येईल तेवढं ताणलं."

काकूंनी मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

"तुझ्या दुकानात येऊन सांगितलं होतं ना मी," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "कितीही लागो, पण इतकं लांब ने की मला ऐकू येता कामा नये."