अर्धी गोधडी

दर पाडव्याला वत्सलाबाई वर्षभरात कोणासाठी गोधडी शिवायची ते ठरवत. आज सून केतकीने विचारलं, "आई, यंदा कोणासाठी?"

"यंदा काही ठरवायला नको. हात चालेल तसं शिवू."

केतकीचं बाळ गेल्या महिन्यात जन्मतःच गेलं होतं. त्याच्यासाठी शिवायला घेतलेली गोधडी वत्सलाबाईंनी कपाटात तळाशी दडवली होती. केतकी उठून तीच घेऊन आली. "ही अर्धीच राहिलीय."

"राहू दे गं. आता कोणासाठी पुरी करायची?"

"माझ्यासाठी. मला त्याला कुशीतही घेता आलं नाही, आई."

वत्सलाबाईंनी सुई ओवून तिच्या हातात दिली. केतकीने चार टाके घातले आणि गोधडीत तोंड खुपसून ती पहिल्यांदाच रडली. त्यांनी हळूच सुई काढून घेतली.

"आजच्यापुरतं पुरे. अख्खं वर्ष आहे."